पंप आणि गाऱ्हाणं

"नजर हलवू नको गो. पंपाचा काम होयसर त्या मेकॅनिकाच्या हाताकडे बघीत रव. चांगलो पंखो पिशयेत घालीत आणि जुनो लावन जायत. तुका कळाचा पण नाय."

"आणि तुमी?"

"मी देवळात. गुरव थांबलोहा."

हे बोलता बोलता बाबल नारळ पिशवीत घालत होता. शेंडीसकट, कानाशी हलवून पाणी ऐकलेला, घरातल्या ढिगातून निवडून काढलेला. दुसऱ्याचं वाईट चिंतायलासुद्धा नारळ चांगलाच लागतो. 

बाबल म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याचं नाव घेत नाही, "वो" म्हणून हाक मारते. पण लिहिताना कोण अडवतंय? आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आमच्या सुरूबागच्या किनाऱ्यावर तेव्हा नुकते पर्यटक यायला लागले होते आणि सगळ्या किनाऱ्यावर जेट स्की एकच होती, आमची. लोक तिला पाण्यातली स्कूटर म्हणायचे. तिच्यावर आमचं घर चाललं होतं, आणि ती बंद पडली होती.

बाबल कामाला वाघ, पण मन संशयाचं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हा तर पाणीसुद्धा फुंकून पिणारा. बाजारात पापलेट घेतलं तर घरी येईपर्यंत कोळणीने बदललं तर नाही ना, म्हणून पिशवी उघडून बघायचा. गेल्या मोसमात स्कूटरचा पंप उघडला होता, तेव्हा परत बसवल्यावर याने माझी नेलपॉलिशची बाटली नेऊन प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर लाल ठिपका दिला. अर्धा ठिपका बोल्टवर, अर्धा खालच्या पत्र्यावर, म्हणजे कुणी बोल्ट फिरवला की ठिपका तुटणार. लग्नानंतर मी हौसेने घेतलेली ती एकुलती एक बाटली.

हा सगळा संशय शेवटी एकाच माणसाकडे जाऊन थांबायचा, लवूदादाकडे. लवूदादा माझा सख्खा भाऊ.

स्कूटर घेतली ती दोघांनी मिळून. दादा गावच्या रापणीचा म्होरक्या. किनाऱ्यावरून समुद्रात मोठं जाळं सोडायचं आणि सगळ्या गावाने दोर धरून ते ओढायचं, ती रापण. स्कूटर घोंघावायला लागली तशी मासळी बिचकायला लागली. दादा म्हणाला, सकाळची वेळ रापणीला सोड, तू खाडीच्या बाजूला चालव. बाबलला वाटलं, आपला धंदा याला बघवत नाही. शब्दाने शब्द वाढला, भागी मोडली, स्कूटर आमच्याकडे राहिली. पुढे स्कूटर भर समुद्रात बंद पडली. पंप उघडला तर आतल्या दांड्याला जाळ्याचं सूत गुंडाळलेलं. झालं.

"सुताक काय पाय फुटले?" बाबल साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला होता.

"दर्यात जाळ्याचा सूत नाय गावतला तर काय भटाचा जानवा गावतला?" दादानेही तिथूनच उत्तर दिलं. त्यानंतर दोघं बोलायचे थांबले.

तेव्हापासून बाबलने स्कूटरची दृष्ट काढायला सुरुवात केली. मागे काळी बाहुली, पुढे लिंबू-मिरची, दर बुधवारी आणि शनिवारी नारळ. आणि एवढं करूनही दिवाळीनंतर, ऐन गर्दीत, स्कूटरने परत मान टाकली. इंजिन बोंबलायचं, पण गाडी जागची हलायची नाही. या खेपेला बाबलने उघडूनसुद्धा बघितलं नाही.

"बघूचा काय तेच्यात? गेल्या खेपेक बघलंव मा," तो म्हणाला. "आता देवच बघीत. नारळ ठेवतंय."

आमच्याकडे पोलीसचौकीपेक्षा नारळाचा वचक जास्त. गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, ज्याने हे वाईट केलं त्याचं तसंच होऊ दे म्हणून, आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मग ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याने नारळ देवाच्या पायरीवर ठेवायचा. एकदा ठेवला की उचलायचा नाही. वरच्या वाडीत एकाने घरातलं सोनं गेलं म्हणून असा नारळ ठेवला होता. पुढे त्याचा स्वतःचाच मुलगा अंथरुणाला खिळला, आणि सोनं त्यानेच उचललेलं निघालं. लोक अजून ती गोष्ट आवाज खाली करून सांगतात. नारळाला आपला-परका कळत नाही.

नाव घेऊन नारळ ठेवत नाहीत, पण बाबलचा नारळ कुणावर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ज्या दोन घरांच्या मध्ये असा नारळ येतो, ती घरं परत एकमेकांचं पाणी पीत नाहीत. आईवडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे लवूदादा आणि वहिनी. घर तीन माडांपलीकडे, आमच्या मागच्या दारातून दिसतं. ते दार कायमचं बंद होणार होतं.

मी रडून बघितलं, भांडून बघितलं. बाबलचं एकच, "तेना केल्यान नाय तर तो भियता कित्याक? आणि तू भियतंस कित्याक?"

 दादाला सांगायला गेले तर तो जाळं शिवत बसला होता. वर न बघता म्हणाला, "ठेवूंदे. मी येतंय थय. सगळ्यांच्या आधी व्हय म्हाराजा म्हणतलंय."

खरं सांगू? किंतु माझ्याही मनात होता. संशय नवऱ्याला असला की बायकोला त्याची लागण व्हायला वेळ लागत नाही. स्कूटर बंद पडायच्या आधी एका पहाटे मी दादाला तिच्यामागे गुडघाभर पाण्यात वाकलेला बघितला होता. हात खाली गाडीच्या पोटाशी. मी हाक मारायच्या आत तो निघून गेला. हे मी बाबलला सांगितलं नाही, दादालाही विचारलं नाही. रात्रंदिवस ते दृश्य तेवढं चघळत राहिले. म्हणून मी हट्ट धरला, की नारळ ठेवायचा तो ठेवा, पण पंप आधी उघडा. बाबल शेवटी तयार झाला तो अर्धाच. पंप आणि नारळ एकाच सोमवारी, पंप माझ्या देखरेखीखाली आणि नारळ त्याच्या हाताने.

तो पिशवी घेऊन गेला आणि पास्कलमामा आला.

पास्कल फर्नांडिस मालवणचा. उभा जन्म मच्छीमारांच्या इंजिनांत गेलेला. मांडवाखाली जुन्या टायरांवर स्कूटर चढवून ठेवली होती. त्याने आधी सीट काढून बॅटरीची वायर सोडली, मग मागे जाऊन बसला आणि मला म्हणाला, "वैनी, माझ्यार नजर ठेवूक बसलंस मा? मगे हडे उजवाडात बस. थयसून तुका काय दिसाचा नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बसले उजेडात.

"आणि ह्या लाल लाल काय?"

"नेलपॉलिश."

"बोल्टाक?"

मी मान खाली घातली. मामा बराच वेळ हसत होता. मग हसू आवरून एकेक ठिपका बोटाने चाचपत गेला आणि म्हणाला, "बाबलाचा डोक्या भारी हा. एकव ठिपको तुटाक नाय. म्हणजे गेल्या खेपेक मी बंद केलंय, तेच्या नंतर ह्या पंपाक कोणाचो पानो लागाक नाय. ह्या तू लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. पण सूत आत सोडायला पाना लागतो कशाला? खाली जाळी असते, तिच्यातून पाणी आत ओढलं जातं, तिथून काहीही सोडता येतं. मला परत ती पहाट आठवली.

मामाने सुकाणूची केबल सोडली, रिव्हर्सची सोडली, पाण्याची बारकी नळी ओढून काढली. मग एकेक बोल्ट. खारं पाणी लागून बोल्ट असे धरले होते, की तो पान्यावर लोंबकळायचा आणि जुन्या इंजिनांना घालतो त्या शिव्या घालायचा. बाई बसली आहे हे मध्येच आठवलं की तीच शिवी कोकणीत घालायचा. शेवटी त्याने पंपाला दोन्ही हातांनी धरलं, इकडून तिकडून हलवलं आणि अख्खा पंप मागे ओढून काढला. आमच्या पिठाच्या डब्याएवढा असेल. दांडा आत गाडीत राहिला, त्याच्या दात्यांवर काळं पडलेलं ग्रीस.

माझं सगळं लक्ष दांड्याकडे. सूत नव्हतं.

"सूत खंय हा?" मी विचारलंच.

"सूत नाय. दांडो साफ हा."

जीव भांड्यात पडला माझा. मामा पंपाच्या तोंडात टॉर्च मारून बघत होता. त्याची हसरी मुद्रा गेली. त्याने पंप माझ्याकडे वळवला.

"बघ. ह्यो पंखो. आणि भोवतीन ही रिंग. दोघांच्या मधी नखाएवढी जागा होयी, तरच पाणी जोरान मागे फेकता. तुझ्या रिंगेक बघ काय झालाहा."

रिंगेला आतून चरेच चरे होते, कुणी कोयत्याने तासल्यासारखे. पंख्याच्या पात्यांच्या कडा दुमडलेल्या.

"म्हणान इंजिन बोंबलता आणि गाडी हलणा नाय. पाणी आतल्या आतच घुमता. आता ह्या कोणी केल्यान, ता बघूया."

पंख्याच्या मागे पाणी सरळ करणारी उभी पाती असतात. त्यांच्या फटीत त्याने स्क्रूड्रायव्हर घातला आणि हळूहळू एक तुकडा बाहेर काढला. मग दुसरा. मग आणखी. माझ्या ओंजळीत टाकत गेला. काळे, टणक, ग्रीसने माखलेले, एका बाजूला बाक असलेले. एकाला शेंडीचे केस चिकटले होते.

नारळाच्या करवंटीचे तुकडे होते ते.

"दर्यात नारळ व्हावान येतत," मामा म्हणाला, "पण अख्खे येतत. फोडलेल्या करवंट्येचे तुकडे एकाच जाग्यार इतके कशे इले, ता माका समजणा नाय."

मला समजलं. तिथल्या तिथे, वाळूवर बसल्या बसल्या समजलं.

बुधवारी आणि शनिवारी बाबल स्कूटर गुडघाभर पाण्यात उभी करायचा. नारळ तिच्यावरून उतरवायचा आणि मागच्या अंगाला, नांगराच्या दगडावर आपटून फोडायचा. दृष्टीचा नारळ खात नाहीत, त्याचं भकलही घरात आणत नाहीत, सगळं पाण्यालाच द्यायचं. आणि नारळ फुटला की मागे वळून बघायचं नाही, तिथून लगेच निघायचं, नाहीतर दृष्ट परत चिकटते. लहानपणापासून आम्ही सगळे असंच करत आलो. म्हणून बाबल नारळ फोडायचा, मागे न बघता गाडीवर बसायचा आणि त्याच उथळ पाण्यात इंजिन सुरू करायचा. गाडीच्या पोटाची जाळी वाळूसकट जे समोर येईल ते आत ओढायची. तुकडे कुठे गेले ते त्याने एकदाही बघितलं नव्हतं. बघायचंच नसतं.

माझ्या भावाची नजर लागू नये म्हणून फोडलेले नारळ.

मी मामाला सांगितलं. त्याने टॉर्च बंद केला. मग म्हणाला, "आणि आता तो देवळात कोणार नारळ ठेवता?"

ज्याने हे वाईट केलं, त्याचं तसंच होऊ दे.

मी उठले. तुकडे मुठीत तसेच. मामा मागून म्हणाला, "वैनी, आणि माझ्यार नजर कोण ठेवीत?" पण त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. मी पळत सुटले.

रवळनाथाचं देऊळ किनाऱ्यापासून लांब नाही. पायऱ्या चढताना गुरवाचा आवाज ऐकू आला. गाऱ्हाणं सुरू झालं होतं.

"बा देवा रवळनाथा, आज ह्यो बाबल तारी तुझ्या पायाकडे इलोहा. तेच्या पोटापाण्याच्या गाडयेचा वाटोळा झालाहा. कोणी केल्यान ता तेका ठावक नाय, माका ठावक नाय, तुका ठावक आसा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्या सगळ्या आवाजांत एक आवाज वरचढ होता. माझा दादा खांबाला टेकून उभा होता, बायकांच्या बाजूला, हाताची घडी घालून. त्याच्या आजूबाजूला दोन हात जागा मोकळी होती. अख्खं देऊळ देवाकडे कमी आणि दादाकडे जास्त बघत होतं.

"ज्या हातान केल्यान, तेका तुझो हात दाखय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी दादाजवळ घुसले आणि मूठ उघडली. 

"खय गावले?"

"पंपात. सूत नाय, काय नाय. हेच."

दर बुधवार-शनिवारचा बाबलचा नारळ सगळ्या किनाऱ्याने बघितला होता. दादाला सांगायला काही लागलंच नाही. तो हळूच म्हणाला, "एक तुकडो गाडयेच्या पोटातल्या जाळयेत अडाकलेलो, तो मी वडून काढलंय एके सकाळी. माका वाटला, पर्यटकान टाकल्यान."

"मगे सांगूक काय झाला?"

"बोलता खय तो माझ्यावांगडा?"

एवढ्या दिवसांचं माझ्या छातीवरचं ओझं त्या एका वाक्याने उतरलं, आणि ज्या भावावर संशय घेतला त्याच्यासमोर उभी राहायची मला लाज वाटली. पण लाजायला वेळ नव्हता. गुरव शेवटाला आला होता. "ज्येना ह्या वायट केल्यान, तेच्या दारात ह्या परतून जांव दे, तेच्या घरात चूल पेटाची नाय असा कर, म्हाराजा."

तेच्या घरात म्हणजे माझ्या घरात.

मी पुरुषांच्या बाजूला शिरले. कुजबुज झाली. गुरवसुद्धा थांबला. बाबल दोन्ही हातांत नारळ धरून पायरीसमोर उभा होता. मी त्याच्या अगदी जवळ गेले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "वो, थांबा. आधी ह्या बघा. पंपात ह्या गावला. तुमच्या दृष्टीच्या नारळाचे करवंटे हत."

त्याने माझ्या मुठीत बघितलं. एक तुकडा बोटाने उलटा केला. शेंडीचे केस चिकटलेला तुकडा. मग मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भावाक वाचवूक इलंस? खयचे उकिरड्यारचे करवंटे घेवन?"

लोकांनी ऐकलं ते एवढंच. माझं कुजबुजणं कुणी ऐकलं नव्हतं. नवऱ्याची चारचौघांत शोभा नको म्हणून मी हळू बोलले होते.

"बाबल, नारळ ठेव," गुरव म्हणाला.

बाबल वाकला नाही.

"ठेव रे. येळ जाता."

तो तसाच उभा. कपाळावर घाम.  ठेवावा तर मुठीतले तुकडे डोळ्यांसमोर, न ठेवावा तर सारा गाव बघतोय. मला वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, चूक झाली. मी देवाला हात जोडले, त्याला तेवढी बुद्धी दे म्हणून.

तेवढ्यात दादा पुढे आला. त्याने बाबलच्या हातातून नारळ काढून घेतला. ओढावा लागला नाही, इतक्या सहज तो सुटला.

"नारळ नको," दादा म्हणाला. "गाव काय तो दंड सांगीत, तो मी देतंय."

देवळात एकदम गलका झाला. मानकऱ्यांतला एक म्हातारा पुढे आला. "म्हणजे, लवू, तू कबूल करतंस?"

"देवाच्या समोर उभो आसंय. दंड देतंय म्हटलंय. बाकीचा माका इचारू नकात."

तो खोटं बोलला नाही, हे तिथे फक्त मलाच कळलं. कदाचित आणखी एकाला. माझ्या मागे कुणीतरी बाई म्हणाली, "चोराच्या मनात चांदणा." दुसरी म्हणाली, "बहिणीच्या पोटार पाय. असो कसो भाव?" मी तोंड उघडणार, तर दादा माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "तुझा कपाळ बघ आधी. गप रव."

माझ्या कुंकवासाठी त्याने तो आळ स्वतःवर घेतला होता. मी तिथे गप्प राहिले. गावाने दंड ठरवला, देवाला कोंबडा आणि नारळाचं तोरण. दादाने मान डोलावली आणि तो खाली उतरला. त्याच्यासाठी लोकांनी वाट सोडली ती अंग चोरून.

घरी आले तेव्हा पास्कलमामाने सोबत आणलेली नवी रिंग बसवून पंख्याच्या कडा कानशीने सारख्या केल्या होत्या. "ठेवलो काय नारळ?" त्याने विचारलं. मी "नाय" म्हटलं. तो परत कामाला लागला. दांड्याला नवं ग्रीस लावलं, पंप जागेवर सरकवला, बोल्ट आवळले, केबली जोडल्या. तोवर बाबल आला. दोघांनी मिळून स्कूटर पाण्याकडे ओढली. मामा त्याला म्हणाला, "कमरेभर पाणी होयसर चालू करू नको. वाळू आणि कचरो वडता." कुठला कचरा, हे तो बोलला नाही.  बाबलने गाडी कमरेभर पाण्यात नेली आणि मग सुरू केली. पूर्वीसारखी सणसणत गेली, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आली.

मामा हत्यारं गोळा करून निघून गेला. उन्हं कलली होती. मी मांडवात बसून लाइफ जॅकेटं वाळत घालत होते. बाबल शेजारी येऊन उभा राहिला. समुद्राकडे बघत, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "पास्कलान भायर कोणाक सांगल्यान नाय मा?"

मी हातातलं जॅकेट खाली ठेवलं.

म्हणजे त्याला कळलं होतं. देवळात, तुकडा बोटाने उलटा केला तेव्हाच कळलं होतं. तरीही तो मला खोटं पाडून मोकळा झाला, माझ्या भावाला दंड भरू दिला, आणि आता त्याला भीती होती ती पास्कलची. माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतका राग मला त्याचा त्याआधी कधी आला नव्हता, नंतरही कधी आला नाही.

"पास्कल कित्याक सांगीत?" मी म्हटलं. "ता काम माझा."

"सुगंधा, खय चललंस?"

लग्नानंतर त्याने मला नावाने हाक मारली ती तेव्हा पहिल्यांदा. मी थांबले नाही. पण तो मागून आला नाही, हेही सांगायला हवं.

किनाऱ्यावर संध्याकाळची रापण लागली होती. दोन्ही दोरांवर माणसं होती, बायकासुद्धा होत्या. दादा अलीकडच्या दोरावर, नेहमीच्या जागी. त्याच्या पुढच्या आणि मागच्या माणसाने मात्र जागा सोडली होती. रापणीच्या दोरावर कुणी कुणापासून असं लांब उभं राहत नाही, खांद्याला खांदा लागल्याशिवाय जाळं येत नाही. सगळा दोर गच्च भरलेला, आणि मधे माझा भाऊ एकटा ओढत होता.

मी पदर खोचला आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन दोर धरला. पुढची माणसं वळून बघायला लागली.

"पंपात काय गावला ता सांगतंय," मी मोठ्याने म्हटलं. "सगळ्यांनी आयका."

"आधी दोर ओढ," दादा म्हणाला.

मी दोर ओढत ओढत सगळं सांगितलं.